काळा धूर दिसला की आधी चोक पाहा

संपादक महोदय,

जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार काळा धूर सोडू लागली की बरेच जण थेट कार्बोरेटरमधल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या, नटाला पाना लावतात. ही घाई चुकीची आहे. या गाडीला हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर असतात; त्यांत चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायची कळ, ओढला की जेट खाली सरकतो आणि पेट्रोल वाढते. केबल अडकली तर तो खालीच राहतो. म्हणून आधी चोक पूर्ण आत ढकलून दोन्ही जेट पूर्ण वर येतात का, ते बोटाने तपासा.

पुढच्या दोन प्लगवर काजळी असेल तर दोष पुढच्या कार्बोरेटरचा, मागच्या दोनवर असेल तर मागच्याचा. गरम इंजिन चालू असताना कार्बोरेटरमधला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) जेमतेम ०.८ मिलिमीटर उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. मग जेटचा नट एकेक पैलू वर घ्या. त्यानेही फरक पडत नसेल तर फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीची, सुई गळते आहे, किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरले आहे. फ्लोट काढून कानाशी हलवा आणि आत पेट्रोल डुचमळते का ते ऐका. ओव्हरफ्लोमधून, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून, पेट्रोल ठिबकत असेल तर गाडी चालवूच नका, खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो.

डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या वरच्या तेलाच्या नळीत, २० ग्रेडचेच तेल घाला. जाड तेलाने पिस्टन उशिरा उठतो आणि वेग घेताना धूर येतो.

– एक वाचक