नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

आमच्या अंगणवाडीचं आयएसओ, म्हणजे दर्जाच्या प्रमाणपत्रासाठीचं, मूल्यांकन मंगळवारी पार पडलं. निकाल यायचाय. पण आभार आजच, निकालाशी त्यांचा काय संबंध?

चोपड्याच्या बाजारातले काटा दुरुस्त करणारे दादा, तुम्ही पैसे घेतलेच नाहीत. आमचा वजनकाटा रिकामा असतानाच दोनशे ग्रॅम दाखवायचा, म्हणजे कागदावर प्रत्येक लेकरू तेवढं गुटगुटीत! तुम्ही म्हणालात, "ताई, पोरांचं वजन आहे, कापसाचं नाही." मग सगळी पोरं पुन्हा मोजली. तीन वर्षांच्या एका पोरीच्या दंडाला पट्टी लावली तर 12.2 सेंटीमीटर. 12.5 च्या खाली गेलं की पिवळा पट्टा, म्हणजे मध्यम कुपोषण. मूल्यांकन नसतं तर ही पोर माझ्या नजरेतून सुटलीच असती, हे कबूल करते. आता तिच्या घरी रोज चक्कर असते.

ट्रॅक्टरवाले भाऊ, केळी उतरवून परत जाताना तुम्ही मुरूम टाकलात, दारातला चिखल गेला. भिंतीवर अक्षरं रंगवताना रात्री बॅटरी धरून उभी राहिलेली कॉलेजची पोरं, तुमचा 'ळ' जरा वाकडाच आलाय, असू दे. आणि जुन्या लुगड्याच्या बाहुल्या शिवून ओट्यावर ठेवून गेलेल्या माय, बाहुलीघरातली नथवाली बाहुली मूल्यांकनाला आलेल्या मॅडमनी हातात घेतली ती बराच वेळ खाली ठेवली नाही.

मॅडमनी एका पोराला विचारलं, "हात कधी धुतोस रे?"

"तुम्ही येणार असल्या की."

त्याचे आभार नंतर मानीन.