डिस्चार्जआधी बाळाचे कान तपासा

महोदय,

‘ओटीओएफ’ जनुकातील दोषामुळे जन्मतः ऐकू न येणाऱ्या सहा मुलांवर चीनमध्ये जनुकीय उपचार झाले आणि पाच जणांना ऐकू येऊ लागले. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे संशोधन छापले. हा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल बहिरे होते. नात्यातल्या लग्नात नवरा-बायको दोघांकडेही तोच दोष असण्याची शक्यता वाढते; म्हणून मामाच्या मुलीशी सोयरीक जमवणाऱ्या आपल्या मराठवाड्याने ही बातमी परदेशातली म्हणून सोडून देऊ नये.

पण आधी निदान तर होऊ द्या! महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा दंडक आहे. इकडे आजी पाठीमागून ताट वाजवते, लेकरू हादऱ्याने वळते आणि ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून घर निर्धास्त होते. आवाजाला आतला कान प्रतिसाद देतो का हे पाहणाऱ्या ओएई चाचणीला काही मिनिटेच लागतात. शंका आली तर बेरा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोहोचतो का याची तपासणी, पण त्यासाठी बाळ गाढ झोपलेले लागते. पहाटेच्या एसटीत झोप काढून आलेले लेकरू कपाळाला, कानामागे वायरी चिकटवल्यावर टक्क जागे असते. आई थोपटून थकते, शेवटी पुढची तारीख मिळते. मजुरी बुडवून पुन्हा कोण येणार?

प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात बाळंतिणीला घरी सोडण्याआधी ओएई सक्तीची करावी. बेरासाठी लांबून आलेल्या मायलेकरांना रात्रभर मुक्कामाची सोय द्यावी.

– एक वाचक, अंबाजोगाई