दगडांचे क्रमांक जपा

महोदय,

भाचीच्या लग्नाला फ्लोरिडात गेले होते. लग्न लागलं नॉर्थ मायामी बीचच्या प्राचीन स्पॅनिश मठात. सेगोव्हिया प्रांतातल्या या १२व्या शतकातल्या मठाच्या ओवऱ्या १९२५ मध्ये वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी विकत घेतल्या आणि दगड न् दगड सुटा करून सुमारे ११,००० पेट्यांतून अमेरिकेत आणल्या. पण सेगोव्हियात गुरांना लाळ्या खुरकूत झालेला! रोग पसरू नये म्हणून अमेरिकेत पेट्या फोडून दगडांभोवतीचं गवत जाळलं आणि दगड भलत्याच पेट्यांत भरले. पेट्यांवरचे क्रमांक कुचकामी झाले. २६ वर्षं सगळं ब्रुकलिनच्या गोदामात पडून होतं. पुढे जुळवायलाच १९ महिने लागले, तरी काही दगड उरलेच.

मंगलाष्टकं चालू असताना मी खांबाला हात लावला. गार, खडबडीत. इतकी वणवण होऊनही वास्तू नांदती आहे, याचं फार बरं वाटलं.

आमच्या गोव्यात कुर्डीचं महादेव मंदिर साळावली धरणापायी असंच सुटं करून हलवलं गेलं. गावोगावचे वाडे, छोटी कपेलं (ख्रिस्ती प्रार्थनास्थळं) मात्र नोंदीविना पाडली जातात. पाडण्याआधी निदान मोजमापं, छायाचित्रं आणि दगडांवर क्रमांक एवढं तरी पंचायतींनी सक्तीचं करावं.

— एक वाचक, सांगे