खड्ड्यांचं मूळ सोलिंगमध्ये

संपादक महोदय,

पावसाळ्यात नाशिकच्या खड्ड्यांचं खापर दरवर्षी डांबरावर फुटतं. दुखणं बहुतेकदा खाली, सोलिंगमध्ये, म्हणजे डांबराखालच्या दगडांच्या थरात असतं. स्कॉटलंडच्या थॉमस टेलफर्डने (१७५७–१८३४) हे दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. हा मूळचा पाथरवट. पुढे चर्च बांधणारा वास्तुकार, मग कालवे, रस्ते आणि १८२६ चा मेनाई झुलता पूल.

लंडनहून वेल्समधल्या होलीहेड बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने सपाट केलेल्या जमिनीवर एकेक दगड हाताने लावून घेतला: रुंद बाजू खाली, मध्यभागी ७ इंच उंची, कडेला कमी. फटींत चिपा ठोकायच्या, मगच वर ६ इंच खडी. तीही अडीच इंची कड्यातून पार होणारी.

आपल्याकडे ट्रॉली उलटी केली की झालं सोलिंग! टोकं वर राहतात, पोकळ्या उरतात. पाणी शिरलं की काळी माती फुगते, सुकली की आकसते आणि दगड खचतो. त्यात साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, मग पाणी जाणार कुठे? डांबर पडण्याआधी दोन-चार ठिकाणी सोलिंग उघडून मोजावं, एवढंच मागणं.

– काही स्थापत्य अभियंते, नाशिक