हाताचं विचारणार नव्हतो

पिंट्या,

पोचल्याचा मेसेज आईला केलास, मला नाही, ते असू दे. हाताचं विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय. गौरीच्या आरतीला तबक निसटलं तेव्हा सगळे म्हणाले तेलाचा हात असेल, पण तू तबक उचलायच्या आधी अंगठा चोळलास ते मी बघितलं. आणि रात्री पाणी प्यायला उठलो तर तू अंथरुणात बसून उजवा हात झटकत होतास.

नाक्यावरच्या डॉक्टरांना विचारून आलो, तुझं नाव नाही सांगितलं. ते म्हणाले अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल आणि करंगळी बरी असेल तर मनगटात नस दाबली जातेय. रात्री जास्त जाणवतं. लवकर धरलं तर पट्ट्यावर भागतं, अंगावर काढलं तर अंगठ्याच्या मुळाशी मांस झडायला लागतं. तेव्हा माऊस धरताना मनगट वर मोडू देऊ नकोस, कोपर टेबलावर टेकव, एडिटिंगचं रेंडर लागलं की, म्हणजे कॉम्प्युटर आपला आपण चालत असतो तेव्हा, मोबाईल घेऊन बसण्यापेक्षा उठून जिन्यापर्यंत जा, दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघायचं म्हणतात तेही कर, एसीतल्या त्या खोलीत 20 फूट आहेत का देव जाणे. आणि चहावर चहा...

झालं सुरू माझं. सॉरी रे. आई म्हणते तुम्ही पत्र लिहिता का मेमो देता.

पण मी कुठं शहाणा होतो. सातारा-बोरिवली नाईटला मधे उतरायला नको म्हणून पाणीच प्यायचो नाही. 2009 ला मुतखडा झाला, खंबाटकीत कळ आली, गाडीत 40 पॅसेंजर, घाट उतरून गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. त्याच्या आधी दोन महिने दुखत होतं, कुणाला सांगितलं नव्हतं, ड्युटी जाईल म्हणून. तू पण महाएपिसोड जाईल म्हणून गप्प आहेस, एवढं मला कळतं.

बारावीत असताना सुमीच्या लग्नाचं तीन तासांचं शूटिंग कापून तू 35 मिनिटांचं केलंस आणि नानाचं जेवणावरचं भांडण असं उडवलंस की नाना स्वतःच म्हणाला आपण तर काहीच बोललो नव्हतो. आता शेवटच्या पाट्यांत ‘संकलन’ खाली तुझं नाव जेमतेम एक सेकंद येतं, आई त्याच्यासाठी भाकरी तव्यावर सोडून येते. कालची करपली.

मनगटाचा पट्टा कुरियर केलाय, उजव्या हाताचा, माप तुझ्या जुन्या घड्याळावरून घेतलं. रात्री झोपताना बांधायचा. खाली चिवडा आहे.

करंगळीला पण मुंग्या येतात का, तेवढं फक्त कळव.

अण्णा