पाच स्वर आणि मधली जागा

प्रिय पिल्लू,

तुझं इलेक्ट्रिक गिटारचं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. सोबत विचारलंयस, "बाबा, ई मायनर पेंटॅटॉनिकचा पहिला बॉक्स बसला, आता पुढची पोझिशन घेऊ ना?" नको, एवढ्यात नको. बॉक्स, म्हणजे गिटारच्या दांडीवरची (फ्रेटबोर्डवरची) त्या पाच स्वरांची एक चौकट, बसलाय हे खरं, बोटं न चाचपडता जागेवर पडतायत हे कानांनाही कळतं. पण तू वाजवलंस ते स्केल आहे, वर गेलं आणि खाली आलं. त्याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा, लक्षात राहणारा छोटा तुकडा, अजून झालेला नाही आणि फ्रेटबोर्डवर आणखी वर सरकून तो होणारही नाही.

हे पाच स्वर इतके सोयीचे का आहेत ते आधी बघ. ई मायनरच्या सात स्वरांतून दुसरा आणि सहावा, म्हणजे एफ शार्प आणि सी, काढून टाकले की उरतात ई, जी, ए, बी, डी. जे दोन गेले ते दोघेही शेजारच्या स्वराला अर्ध्या सुरावर घासत होते, शिवाय त्यांच्या आपापसातल्या अंतरातही मोठा ताण होता. ते गेले आणि भांडणच मिटलं. म्हणून या बॉक्समध्ये कुठेही बोट ठेवलं तरी बेसूर वाटत नाही. पण गोची नेमकी तिथेच आहे. सगळंच बरं वाटतं, त्यामुळे काहीच लक्षात राहत नाही. सलग वाजवलेले पाच स्वर कुणी गुणगुणत घरी जात नाही.

तू लहानपणी जे थोडंफार गाणं शिकलीस ते इथे कामाला येईल. मोकळ्या ई ला, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या सहाव्या, सगळ्यात जाड तारेला, सा धर. सा, कोमल ग, म, प, कोमल नि मिळतात, म्हणजे धानी रागाचे स्वर. आता तेच पाच स्वर घे, पण जी ला सा मान, भूपाचे स्वर समोर येतात. बी ला सा मानलंस तर मालकंसाचे, डी ला मानलंस तर दुर्गेचे. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या पट्ट्यांमधली बोट ठेवायची जागा, एकही बदलला नाही. (राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे मला ठाऊक आहे, गायनाच्या बाईंना हे पत्र दाखवू नकोस.) सांगायचं इतकंच की स्वर कुठे टेकतो आणि किती वेळ टेकतो यावर सगळा चेहरा बदलतो. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो कुठेच टेकत नाही. सगळे स्वर सारख्या लांबीचे, सारख्या जोराचे, आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

म्हणून एक छोटा रिफ लिहून देतोय, माझाच आहे, फार भारी नाही. चार ठोक्यांचे दोन बार, म्हणजे आवर्तनं, आणि प्रत्येक ठोक्याचे दोन अर्धे. पहिल्या ठोक्यावर सहावी तार मोकळी, त्याच्या उत्तरार्धात पुन्हा मोकळी. दुसऱ्या ठोक्यावर त्याच तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, आणि उत्तरार्ध रिकामा. तिसऱ्यावर पाचवी तार मोकळी, मग तिचा दुसरा फ्रेट, बी. चौथ्यावर परत मोकळी पाचवी, आणि शेवटच्या अर्ध्यात सहाव्या तारेवरचा जी. दुसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर मोकळा ई, तो दोन ठोके धरायचा, तिसरा ठोका पडताक्षणी कापायचा, आणि उरलेले दोन ठोके काहीही वाजवायचं नाही. पाचातला डी यात आलेलाच नाही, आणि त्याची उणीवही जाणवत नाही.

यातली अवघड जागा म्हणजे ते शेवटचे दोन रिकामे ठोके. हात शिवशिवतो, काहीतरी भरावंसं वाटतं. भरू नकोस. ड्रमरला तिथे जागा हवी असते आणि ऐकणाऱ्याला रिफ पुन्हा यायची वाट बघायची असते.

उजव्या हाताचं सांगतो, कारण तुझा घोटाळा बहुतेक तिथे आहे. ठोक्यावर पिक, म्हणजे तार छेडायची चकती, खाली, उत्तरार्धावर वर. दुसऱ्या ठोक्यानंतरच्या रिकाम्या अर्ध्यातसुद्धा हात वर जायलाच हवा, फक्त तारेला न लागता. तू तिथे हात थांबवतेस आणि मग पुढचा स्वर पकडायला धावतेस, म्हणून तुझी लय दर बारला थोडी पुढे सरकते. वाजवत असो वा नसो, मनगट घड्याळाच्या लंबकासारखं हलत राहिलं पाहिजे. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ८० ठोक्यांवर लाव. त्या लयीत अर्धा ठोका ०.३७५ सेकंदाचा असतो, म्हणजे घाई करायचं काही कारणच नाही. ८० ला कंटाळा येऊ लागला तर ६० वर ये, ९० वर जाऊ नकोस. सावकाश वाजवताना रिकाम्या जागा जास्त लांब होतात आणि तिथेच हात उघडा पडतो.

आता स्वर कापणं. मोकळी तार आपणहून थांबत नाही. तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांवर अलगद टेकव, ई लगेच गप्प होतो. त्याच जागी हात हलका टेकवून ठेवलास आणि वाजवलंस तर पाम म्यूट मिळतं, म्हणजे दबका, तुटक सूर. हात पिकअपच्या (तारांखालच्या चुंबकांच्या) दिशेने फार पुढे सरकला तर सूरच मरतो आणि नुसता ठकठक आवाज येतो. दाबलेला स्वर थांबवायचा तर डावं बोट फ्रेटवरून सैल कर, तारेवरून मात्र उचलू नकोस. उचललंस की मोकळी तार बोलते. पाचव्या तारेवर बी धरताना बोटाचं टोक सहाव्या तारेला जरासं टेकलेलं असू दे, म्हणजे मागचा ई आपोआप झाकला जातो. कुठल्याही शिकवणीत हे फार उशिरा सांगतात असं माझं मत आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणं म्हणजे अर्ध्याहून जास्त काम नको त्या तारा गप्प बसवण्याचं असतं.

हे जमलं की एक गंमत कर. पहिल्या बारच्या शेवटच्या अर्ध्यात जी ऐवजी ई च वाजव आणि तो पुढच्या बारमध्ये तसाच ओढ, नव्याने पिक न मारता. ई अर्धा ठोका आधी आला, बाकी सगळं तेच. पण रिफ एकदम पुढे झुकतो, मान हलायला लागते. तुला नवी पोझिशन हवी होती ना, ती अशीही मिळते. मग तो शेवटचा जी परत आण आणि या वेळी तार किंचित खाली, जमिनीच्या दिशेने ओढ, पाव सुराइतकी. सहावी तार वर ढकललीस तर फ्रेटबोर्डच्या कडेवरून निसटेल. नटच्या, म्हणजे दांडीच्या टोकाच्या पट्टीच्या, इतक्या जवळ तार ताठ असते, त्यामुळे जास्त ओढता येणार नाहीच, आणि जास्त नकोच आहे. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधली ती जागा ब्लूजमधून रॉकमध्ये आलेली आहे. ती ट्यूनरवर शोधायला जाऊ नकोस, कानाने लाव.

आता गेनबद्दल, म्हणजे अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) गिटारचा सिग्नल किती चढवतो त्याबद्दल. तुझ्या अँपवर तो फार चढवलेला आहे, ऐकताक्षणी कळलं. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नलची शिखरं कापली जातात, त्यामुळे हळू मारलेला आणि जोरात मारलेला स्वर जवळजवळ सारखाच मोठा ऐकू येतो. त्यात तुझ्या हाताचा फरक बुडून जातो, आणि न वाजवलेल्या तारांची गुणगुण मात्र वर येते. मला हा आवाज आवडत नाही असं समजू नकोस. १९६४ मध्ये द किंक्स या ब्रिटिश रॉक बँडच्या गिटारवादक डेव्ह डेव्हीसने अँपच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून तो खरखरीत आवाज मिळवला होता, आणि तो ऐकला की मला आजही उठून उभं राहावंसं वाटतं. पण रिफ आधी क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेल्या, आवाजात उभा राहू दे. तिथे नीट वाटला तरच गेन वाढव, आणि वाढवलास की पुरेसा वाटतो त्याच्या थोडा अलीकडे थांब.

पॉवर कॉर्ड कधी, तेही विचारलं होतंस. याच रिफमध्ये मोकळ्या ई सोबत पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट वाजव, झाला ई चा पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम एकत्र. त्यात सप्तकातला तिसरा स्वर, म्हणजे गंधार, नाही, आणि त्याला कारण आहे. गिटारच्या फ्रेटांवरचा पंचम कंपनांच्या शुद्ध ३:२ प्रमाणाच्या अंतरापासून जेमतेम २ सेंटने (अर्ध्या सुराचे १०० सेंट) हलतो, तर मेजर तिसरा, म्हणजे शुद्ध गंधार, त्याच्या शुद्ध अंतरापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो. क्लीन आवाजात कान ते पोटात घालतात. डिस्टॉर्शन मात्र दोन स्वरांतून बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार करतं, आणि तिसरा त्यात गढूळ होतो. पंचमाच्या बाबतीत वजाबाकीचा सूर खालच्या स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली येतो, म्हणून दोन तारांतून एवढा भरदार आवाज निघतो.

एक किरकोळ गोष्ट राहिली. तुझा तिसऱ्या फ्रेटवरचा जी सगळीकडे जरा चढा लागतोय. गिटार सुरात आहे, मोकळ्या तारा बरोबर आहेत. तू तार फार दाबतेस. बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे ठेव आणि खडखड थांबेल इतकाच जोर दे. बोटंही कमी दुखतील.

पुढचं रेकॉर्डिंग क्लीन आवाजात कर, मेट्रोनोमचा ठोका त्यात ऐकू आला पाहिजे. ते दोन रिकामे ठोके खरंच रिकामे ठेवलेस का, ते मला सगळ्यात आधी ऐकायचंय.

तुझा,
बाबा