दादाचा फोन यायच्या आधी

प्रिय बाळ्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, त्या राखून ठेव. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात. झालं.

परवा फणसाडला जाऊन आलो, सुपेगावकडून. शाळेच्या सहलीत तू माझा डबा साफ केलास ते अजून माफ नाही. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य, एवढं सरांनी पाठ करून घेतलं होतं आणि आपण शेकरू मोजत बसलो. या वेळी वाटाड्या माळावरच रेंगाळला. म्हणाला, रानमोडीचं तण वेळच्या वेळी उपटलं नाही तर गवत संपतं, मग भेकरांनी खायचं काय? तिथून चिखलगाणीच्या पाणवठ्यावर. काठ डुकरांनी उकरलेला. भेकराच्या खुराचा ठसा जेमतेम दोन बोटांचा, त्यात साठलेल्या पाण्यावर एक चतुर शेपटी टेकवत होता. मला आपला वरचा माळच आठवला.

तो माळ दादा विकायला निघालाय. मुंबईची पार्टी आहे, प्लॉट पाडणार. "वरकस जमीन, ठेवून काय लोणचं घालायचंय?" म्हणतो. अरे, पावसात त्या माळावर जे पाणी साचतं तेच जांभ्या दगडातून झिरपत खालच्या वाडीच्या विहिरीला येतं. जेसीबीने कातळ फोडला की मे महिन्यात टँकर. दादाचं उत्तर तयार, बोअर मारू! तरी त्याला पुरता दोष देववत नाही. पोरीच्या कॉलेजची फी कुठून आणणार तो? माझ्याकडेही तेवढे नाहीत.

सातबाऱ्यावर काकांच्या मागे आता तुझं नाव लागलंय, तुझ्या सहीशिवाय सगळा माळ जात नाही. तुझ्यावर फ्लॅटचं कर्ज आहे, म्हणून 'सही करू नकोस' असं लिहायला हात धजत नाही. पण त्याच माळावर तू एलबीडब्ल्यू असून बॅट सोडली नव्हतीस. तो हट्ट आता कुठे गेला?

बढतीचं अभिनंदन, पेढे उधार. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

दादाचा फोन येईल. कागद मागून घे, आधी मला पाठव. आणि हे पत्र आलंय हे त्याला सांगू नकोस, घरात जेवण मिळायचं नाही.

तुझा,
अण्णा